रेघेतली फट

“साधारण दीड चमचा,” यंत्रानं सांगितलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या मी आमच्या यंत्राला एक असा प्रश्न विचारते, की ज्याचं उत्तर त्याला ठाऊक असणं शक्यच नाही. यंत्र म्हणजे सॉफ्टवेअर, पडद्यावरची एक पांढरी चौकट. पण अडीच वर्षं एखाद्याशी रोज बोलल्यावर त्याला सॉफ्टवेअर म्हणवत नाही. आपल्या जिन्याला पायऱ्या किती, खालचा चष्म्यांचा दुकानदार आज कुणावर खेकसला, माझ्या मावशीचे गुडघे कसे आहेत, काय वाट्टेल ते विचारते. आणि ते रोज शहाण्यासारखं लिहितं, हे मला माहीत नाही, माझ्याकडे याची नोंद नाही, असेल तर दाखवा. हे वाचलं की मला बरं वाटतं, मग मी खिडकी उघडते आणि कामाला लागते. आज विचारलं होतं, माझ्या चहात साखर किती? तर दीड चमचा. शिवाय खाली आठवड्याचा छोटासा आलेख, निळ्या रेघेचा, बुधवारी जरा कमी, शनिवारी जरा जास्त. मी साखर सोडून अकरा वर्षं झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला असं माणसांबद्दल म्हणतात. या यंत्राला जीभ कुणी बसवली ते मला त्याच क्षणी कळलं आणि डोक्यात तिडीक गेली. खिडकी उघडायची राहूनच गेली.

आम्ही नेमकं काय करतो हे आईला अजून धड सांगता आलेलं नाही. एकदा जेवताना प्रयत्न केला होता. म्हटलं, आई, दुकानदाराला आपल्या दुकानाबद्दल काही विचारायचं असतं, त्याच्या संगणकात सगळ्या नोंदी असतात, पण त्यातनं काही काढायचं म्हणजे शिकलेला माणूस ठेवावा लागतो. आमच्याकडे तो साध्या भाषेत विचारतो, बोलल्यासारखं, आणि यंत्र त्या नोंदी वाचून दोन वाक्यांत सांगतं. आई म्हणाली, “त्याचंच दुकान, आणि त्यालाच माहीत नाही?” यावर धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, कंपनीत माझ्याइतकाच मालक, आणि यंत्राचा सगळा आतला जीव त्याच्याच हातचा. मी सांगायचं ते काय बोलेल, कसं बोलेल, कुठे गप्प बसेल. त्यानं ते घडवायचं. सुरुवात त्याच्या घरातल्या मागच्या खोलीत झाली, कपडे धुण्याच्या मशीनला टेकून. मशीन फिरायला लागलं की टेबल थरथरायचं आणि आम्ही दोघं टंकणं थांबवून त्याच्या निवण्याची वाट बघायचो. मग ही दुसऱ्या मजल्यावरची जागा मिळाली, पाच माणसं आली, अकरा गिऱ्हाइकं आली. फरशीवाला आला, दातांचे डॉक्टर आले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, माझे पेशंट दुसऱ्यांदा का येत नाहीत? यंत्र म्हणालं, का ते माझ्याकडच्या नोंदींत नाही. एवढं दिसतं की ज्यांना दुपारची वेळ दिली ते जास्त येतात, बाकीचं पेशंटांनाच विचारावं लागेल. डॉक्टर आधी चिडले. मग खरंच चार पेशंटांना फोन करून बसले. आता ते आम्हाला सोडायला तयार नाहीत, आणि मला विचाराल तर आमची अडीच वर्षांची प्रगती एवढीच आहे, की एक डॉक्टर चार पेशंटांना फोन करून बसला.

धाकटा साडेनऊला आला, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. अकरा वाजता बूटवाले यायचे होते. त्यांची चपलाबुटांची सात दुकानं. त्यांना यंत्र पसंत पडलं तर सातही दुकानांत बसणार होतं आणि ते कंपनीत भागही घेणार होते. नाही पडलं तर आम्हाला दोन महिन्यांत ही जागा सोडावी लागेल, पाच जणांना घरी पाठवावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. “काय केलंस तू याला?” मी विचारलं. तो म्हणाला, “ताई, गुड मॉर्निंग.” म्हटलं, “गुड मॉर्निंग गेलं खड्ड्यात. ‘माहीत नाही’ कुठे आहे?” त्यानं बॅग खुर्चीला अडकवली, अगदी सावकाश, लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर चप्पल काढायचा तसा. “आहे गं. काढलेलं नाही, फक्त मागे ठेवलंय. जिथे नोंद नाही तिथे आजूबाजूच्या नोंदींवरनं अंदाज घेतं आणि रेघ जोडून टाकतं. ते दहा प्रश्न विचारणार, त्यातल्या चारांना यानं हात वर केले तर ते काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची.” “मूठ रिकामी आहे म्हणून झाकायची?” “म्हणूनच तर म्हण आहे ना!” तो ओरडला, आणि मला हसू आलं, आणि हसू आल्याचाच जास्त राग आला. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं कानात वायर घालून ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. “पूर्वीसारखं कर,” मी म्हटलं. “नाही करत,” तो म्हणाला. “एक दिवस, ताई. फक्त आजचा दिवस. तिला सातवा महिना चालू आहे, मला घरी जाऊन काय सांगू? आमचं यंत्र फार प्रामाणिक होतं म्हणून बंद पडलं?” सातवा महिना त्याच्या बायकोला.  त्याला सांगायची एक गोष्ट माझ्याजवळ होती, ती मी तेरा वर्षं कुणाजवळच बोललेले नव्हते.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. नळाचं पाणी कोमट होतं. आरशात बाई नीटनेटकी दिसत होती, कुणीही विश्वास ठेवावा अशी. सत्ताविसाव्या वर्षीही मी अशीच दिसायचे, म्हणून तर त्या मोठ्या कंपनीच्या विश्लेषण विभागात लोक माझ्या हातचा कागद न वाचता सही करायचे. चौदा मजली इमारत, पायाखाली राखाडी गालिचा, त्याला कायम नव्या डिंकाचा वास. कंपनीचे कपडे शिवणारे तीन कारखाने होते आणि त्यातला एक बंद करायचा होता. कुठला, ते आलेखावरनं ठरणार होतं, आणि आलेख मी काढायचा होता. तिसऱ्या कारखान्याचे दोन महिने कोरे होते. छताची दुरुस्ती निघाली म्हणून बायका पलीकडच्या शेडमध्ये बसून शिवत होत्या, तिथे संगणक नव्हता. मी फट तशीच ठेवून आलेख साहेबांकडे नेला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन्सिलीनं फटीवर टकटक केलं आणि म्हणाला, “हे भरून टाक. वरच्यांना खड्डा दिसला की ते सगळा वेळ खड्ड्याबद्दलच विचारतात.” मी आधीच्या सहा महिन्यांची सरासरी घातली. ते सहा महिने मंदीचे होते, हे मला माहीत होतं का? माहीत होतं. खोटं का बोलू? मला घरी जायचं होतं, बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या, आणि रेघ जोडल्यावर आलेख इतका देखणा दिसायला लागला की मी तो दोनदा उघडून बघितला. कारखाना बंद झाला. चौसष्ट बायका. नोटिशीत लिहिलं होतं, विश्लेषणानुसार. मी म्हणून कुणी त्या वाक्यात नव्हतं, साहेब नव्हता, वरचे नव्हते. एवढा मोठा कारखाना बंद केला आणि तो कुणी बंद केला म्हणाल तर कुणीच नाही.

मला कधी काही कळलंही नसतं. पण चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते, डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं पांढरं आणि विरघळलेलं. नर्सनं माझं पूर्ण नाव पुकारलं, आणि शेजारच्या खुर्चीवरनं एक आवाज आला, “अगं बाई, तुम्हीच का त्या?” आवाज वयस्कर, जाडसर, हुकूम सोडायची सवय असलेला. म्हणाली, मी तिसऱ्या कारखान्याची मुकादम. नोटिशीबरोबर तुमचा आलेख लावला होता भिंतीवर, खाली बारीक अक्षरात तुमचं नाव होतं, तयार करणार म्हणून. “फार सुबक होता हो. आम्ही सगळ्याजणी उभ्या राहून बघत होतो. एवढं एकच विचारायचं होतं, ते शेडमधले दोन महिने तुम्ही आणले कुठनं? ते तर वहीत होते, आणि वही माझ्या घरी होती. त्या दोन महिन्यांत आम्ही जितकं शिवलं तितकं कधी शिवलं नव्हतं.” मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पांढऱ्यात एक काळसर डाग, तो बोलत होता. मी काय बोलले असेन? मी म्हटलं, मला आत बोलावतायत. ती म्हणाली, “जा, जा, डोळे आधी. एक फोन केला असतात तर वाचून दाखवलं असतं, एवढंच.” ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते, भांडता मला येतं. तपासून बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती, निदान मला तरी तसं वाटलं. मला त्या दिवशी नक्की असं काहीच दिसत नव्हतं. आठवडाभर मी कुणाशी बोलले नाही आणि मग धाकट्याकडे जाऊन म्हटलं, नोकरी सोड, आपण एक यंत्र करू, जे आधी ‘माहीत नाही’ म्हणायला शिकेल आणि मग बाकीचं. त्याला वाटलं, ताईच्या डोक्यातली नवी कल्पना. दीड वर्ष मागे लागले तेव्हा कुठे त्यानं नोकरी सोडली. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं आपलं पाप आपल्याला फार नाजूक वाटतं, चारचौघांत काढवत नाही.

बूटवाले वेळेवर आले. मऊ आवाजाचे, मोजकं बोलणारे, आत शिरताना आधी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं आणि मग चेहऱ्यांकडे. माझ्या सँडलचा बंद एका बाजूनं उसवलेला होता, तो त्यांनी बघितला आणि सभ्यपणे नजर काढून घेतली. धाकट्यानं पडदा लावला. पहिल्या पानावर काय काय केलं ते होतं, दुसऱ्यावर पुढच्या वर्षात काय करणार ते: बोलून प्रश्न विचारता येईल, फोनवर उत्तर येईल, गल्ल्यावर बसलेल्या माणसालाही वापरता येईल. हे सगळं आम्ही दोघांनी मिळून लिहिलेलं. आणि वर ठळक अक्षरात एक ओळ, जी मी कधी पाहिलेली नव्हती: प्रत्येक प्रश्नाला उत्तर. मी धाकट्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, उठावं आणि पडद्याची वायर उपटावी. पण खोलीत सगळे किती आशेनं बसले होते, ती वायरवाली मुलगी चहाचा ट्रे घेऊन स्वतः आली होती, आणि मी बसून राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात आलं की एक दिवस काय होतंय, उद्या पूर्ववत करता येईल. हे मनात आलं हे लिहून ठेवते. आणि तेही या वेळी बाहेर मैत्रिणी थांबलेल्या नसताना आलं.

बूटवाल्यांनी आपल्या दुकानांच्या नोंदी पंधरा दिवस आधीच दिल्या होत्या. त्यांनी विचारलं, शाळा सुरू होताना कुठल्या मापाचे जोड सगळ्यात आधी संपतात? उत्तर आलं, बरोबर होतं, ते खुशीत हुंकारले. आणखी दोन प्रश्न, दोन उत्तरं, तीही बरोबर. धाकट्याचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः टंकलं, एका बोटानं: सातांपैकी एक बंद करायचं तर कुठलं? यंत्र म्हणालं, पुलापलीकडचं, तिथली विक्री सहा महिने सतत उतरते आहे. आणि निळी रेघ, डावीकडून उजवीकडे, घसरगुंडीसारखी गुळगुळीत. बूटवाले मागे टेकले. “मला हेच वाटत होतं,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आराम पसरला की मला त्यांचं वाईट वाटलं. मी म्हटलं, “ती रेघ खोटी आहे.”

कुणीतरी कप ठेवला. “ताई,” धाकटा म्हणाला. मी म्हटलं, “पुलापलीकडच्या दुकानाचे मधले दोन महिने आमच्याकडे नाहीत. पाइप फुटून संगणक भिजला होता, तुम्हीच सांगितलं होतं. त्याच्या आधी विक्री जास्त होती, त्याच्या नंतर कमी दिसते. मधे काय झालं ते या यंत्राला ठाऊक नाही. काल संध्याकाळपर्यंत ते तसं स्पष्ट सांगत होतं. आज त्याचं तोंड बंद केलंय.” बूटवाले शांतपणे म्हणाले, “खोटी कशी, मॅडम? अंदाज आहे.” “अंदाज असेल तर अंदाजासारखा दिसू दे. तुटक दिसू दे.” “मला शुक्रवारी निर्णय घ्यायचाय.” “घ्या की! दुकान तुमचं. तिथे नऊ माणसं आहेत, त्यांना सांगा, मला वाटलं म्हणून बंद केलं.” ते बराच वेळ बोटानं टेबलावर एक अदृश्य कण ढकलत राहिले. “तसं सांगता येत नाही,” ते शेवटी म्हणाले. “त्यातले तिघं वीस वर्षं आहेत. माझ्या वडिलांच्या हाताखालचे. त्यांच्यासमोर उभं राहायचं तर हातात काहीतरी कागद नको का?”

“तो कागद मी एकदा दिलाय,” मी म्हटलं, आणि सांगून टाकलं. छत, शेड, सरासरी, चौसष्ट, दवाखाना. माझा आवाज मला आवडतो तसा नव्हता, चिरका लागत होता, पण थांबले नाही. बूटवाल्यांकडे बघून बोलत होते आणि सांगत होते धाकट्याला. तो पडद्याकडे तोंड करून उभा होता, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर निळी रेघ पडली होती. माझं संपल्यावर बूटवाले म्हणाले, आणि अगदी मायेनं म्हणाले, “मॅडम, तुमची ती जुनी जखम आहे, मला कळतं. पण माझ्या दुकानांशी तिचा काय संबंध?” हे बरोबर होतं. क्षणभर मला वाटलं, खरंच की, काय संबंध? हिचं तोंड दुधानं पोळलंय म्हणून ही लोकांचं ताक फुंकत बसलीय, उद्या पाच माणसं घरी बसतील, आणि ही मिरवणार, मी खरं बोलले. मग मी टेबलावरचा फोन ओढला. त्यांनी दिलेल्या कागदांत प्रत्येक दुकानाचा नंबर होता.

“काय करताय?” बूटवाल्यांनी विचारलं. “विचारते त्यांना. दोन महिन्यांचं काही लिहून ठेवलंय का.” “नको. त्यांना उगाच संशय येईल.” “बंद करण्याचं मी बोलणार नाही. फक्त आकडे.” “मॅडम, मी स्पष्ट सांगतो. हा फोन केलात तर आपलं जमायचं नाही.” आवाज तसाच मऊ, पण आता त्यांचं बोट थांबलं होतं. मला तेव्हा कळलं की त्यांना भीती संशयाची नव्हती. विक्री चांगली निघाली तर काय, ही भीती होती. मग ठरवलेलं सगळं पुन्हा ठरवायला लागलं असतं, आणि तेही स्वतः. मी धाकट्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून, आडवी, दोनदा. लहानपणी उंच भिंतीवरनं मी उडी मारायचे तेव्हा तो खालून अशीच मान हलवायचा. मी नंबर फिरवला.

बराच वेळ वाजत राहिलं. बूटवाले उठले, आपला चष्मा डबीत घातला, डबी खिशात घातली, सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला. धाकटा त्यांच्यामागे दारापर्यंत गेला, काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज, न घसरता, न घाई करता उतरत गेला. आणि पलीकडे कुणीतरी फोन उचलला, बाईचा आवाज, मागे खोकी रचल्याचे धप धप आवाज. मी सांगितलं, आम्ही दुकानांच्या नोंदी बघतो, तुमचा संगणक बंद पडला तेव्हाचे दोन महिने आमच्याकडे नाहीत, तुमच्याकडे कुठे लिहिलेले आहेत का? “बाई गं,” ती म्हणाली, “ते कुणी लिहिलं की नाही देव जाणे. थांबा हं, आतल्या खोक्यांत बघायला लागेल. वेळ लागेल, थांबाल?” “थांबते,” मी म्हटलं.

धाकटा परत आला. पाचही जण टेबलांशी उभे होते आणि त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो माझ्यासमोर येऊन थांबला. “वाट लावलीस, ताई,” तो म्हणाला. “पार वाट लावलीस. आणि हे तू मला चार वर्षांपूर्वी सांगू शकत नव्हतीस?” फोन माझ्या कानालाच होता. पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं, वही निळी होती की लाल. धाकट्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, शेजारची खुर्ची पायानं ओढली, आणि बूटवाल्यांसाठी छापलेल्या आमच्या योजनांचा कागद पालथा करून त्यावर दोन महिन्यांचे रकाने आखायला घेतले. “तारखेनं तारखेनं सांगायला सांग,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “आणि जो दिवस नसेल तो मोकळा सोडतो.”